केर न काढलेले अडीच दिवस

निघाले त्या सकाळी असल्फ्याच्या आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुतळीचे तुकडे, वर्तमानपत्राचे कपटे, सांडलेलं कुळथाचं पीठ, आणि बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून बाहेर काढलेल्या दोन साड्या. आईने हातावर दही ठेवलं. मी चाटलं. खाली रिक्षा उभी होती. वहिनीने सवयीने कोपऱ्यातली केरसुणी उचलली, तशी आई एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या काकू दारात आल्या.

"ठेव ती खाली! चेडू पोचल्याची खबर येवंदे, मगे काढ काय तो केर."

साकीनाक्याच्या गाळ्यातल्या माझ्या बायांनो, तुम्हाला ही रीत सांगायला नको. घरचं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीवर झाडू मारायचा नाही. एरवी तासाभराचा प्रश्न असतो. पण मी चालले होते चीनला, दोन विमानं बदलून, आणि आमच्या आईने तासाभराची रीत पोचल्याच्या खबरेपर्यंत ताणली. निंग्बोला उतरले, वसतिगृहाच्या खोलीची किल्ली मिळाली, फोन काढून लिहिलं, 'पोचले'. गेलंच नाही. आपलं ते हिरवं अ‍ॅप तिकडे चालतच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. इथल्या लोकांचं अ‍ॅप वेगळं. ते माझ्या फोनवर चालू व्हायला, मग भावाच्या फोनवर चालू व्हायला अडीच दिवस गेले. अडीच दिवस असल्फ्याच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत कुळथाचं पीठ पायांना लागत राहिलं. वहिनी म्हणाली, "आई, मुंग्या झाल्या." आई म्हणाली, "होवंदेत."

माझा चेहरा स्क्रीनवर दिसला तेव्हा आई पहिलं वाक्य माझ्याशी नाही बोलली. मान वळवून म्हणाली, "काढ गो आता केर." मग रडली.

आज हे सगळं लिहायला बसलेय, कारण आज सकाळपासून माझं चित्त ठिकाणावर नाही. तीन वेळा चहा केला, तीन वेळा गार झाला. का ते शेवटी सांगते. आधी तुम्हाला, आणि माझ्यासारखं घर सोडून जे जे कुठे कुठे जाऊन पडलेत त्यांना, सांगते की नववीत शाळा सुटलेली रेश्मा इथे आली कशी.

बाबा दिंडोशीच्या एका सोसायटीत वॉचमन होते. त्यांनी अंथरूण धरलं, आणि नववीची परीक्षा देऊन मी घरी बसले ती कायमची. पुढे साकीनाक्याला प्लास्टिकच्या एका छोट्या कारखान्यात, आपल्या गाळ्यात, लागले. बाटल्यांची झाकणं. मशीन झाकणं ओतायचं आणि आम्ही बायका ओळीने स्टुलांवर बसून त्यांच्या कडेला आलेलं जादाचं प्लास्टिक ब्लेडने कापायचो. माझ्या शेजारच्या स्टुलावर शबाना. तिचे हात ब्लेडपेक्षा जलद आणि तोंड हातांपेक्षा जलद.

एके दिवशी शेठने नवं मशीन आणलं. नवं म्हणजे आमच्यासाठी नवं. चीनमधून सेकंडहँड आलेलं, स्क्रीनवर सगळं चिनी. बसवायला एक चिनी इंजिनियर आला, नऊ दिवस राहिला, खुणांनी शिकवून गेला. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन बंद. स्क्रीनवर लाल पट्टीत पाच चित्रं. ऑपरेटरने कपाळाला हात लावला, शेठने चीनला फोन लावला, तिकडे कुणी उचलेना.

मी मात्र त्या पाच चित्रांकडे बघत होते. इंजिनियर असताना ती एकदा आलेली मी पाहिली होती. मला रांगोळीची सवय. ठिपके कितीही असोत, एकदा पाहिलेला आकार डोक्यात राहतो. तेव्हा त्याने काय केलं होतं? पुढचं सरकतं दार ढकलून नीट लावलं होतं. मी उठले, दार ढकललं, खट्ट झालं, लाल पट्टी गेली.

शबाना म्हणाली, "अगं ए, तू मागच्या जन्मी चायनीज होतीस की काय!"

त्या संध्याकाळी मी जुन्या वहीत ती पाच चित्रं काढली आणि समोर लिहिलं: 'दार उघडं आहे. लाव.' मग नाद लागला. एकेक लाल पट्टी आली की वहीत उतरवायची आणि कशाने गेली ते समोर लिहायचं. 'तेल कमी.' 'तेल तापलंय.' 'साचा नीट मिटला नाही.' 'प्लास्टिकचा दाणा संपला.' वर्षभरात साठेक ओळी झाल्या. त्यांचा उच्चार मला एकाचाही येत नव्हता. माझ्या डोक्यात ती भाषा मुकी होती. शेठ ब्लेडच्या टेबलावरून मला हाक मारायचे, "रेश्माबेन, जरा बघ ने, आ पाछा काय बोलतो?"

मग मशीनचे पार्ट विकायला येणाऱ्या माणसाने एक कागद दिला. विद्याविहारच्या एका कॉलेजात दर रविवारी चिनी भाषेचा वर्ग, फी नाही, पुस्तकं फुकट, शिकवायला बाई थेट चीनहून, त्यांच्या सरकारने पाठवलेली. मी दोनदा उलटून पाहिला. फुकट म्हटलं की आपल्याला आधी संशय येतो. शबाना म्हणाली, "किडनी-बिडनी काढून घेतील, बघ हां." आणि स्वतःच मला सोडायला गेटपर्यंत आली.

वर्गात सगळे शिकलेले. इंजिनियर, कॉलेजची पोरं, मालाची आयात करणारे एक काका. बाईंचं नाव लिन. लिन मॅडम माझ्याहून दोन वर्षांनी लहान होत्या. म्हणाल्या, कुणाला एखादं अक्षर आधीच येत असेल तर फळ्यावर काढा. कुणी 'नमस्कार' काढला, कुणी 'चीन'. माझी पाळी आली तेव्हा माझ्या वहीतली जी ओळ मला सगळ्यात सुबक वाटायची ती काढली. चौकटीच्या चित्रात आधी बाहेरची चौकट बंद केली, मग आत भरलं, रांगोळीत भरतात तसं.

लिन मॅडम फळ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग हळूच इंग्रजीत विचारलं की हे कुठे वाचलं. वर्गाला त्यांनी अर्थ सांगितला: 'वंगण अपुरे आहे.' सगळे खो खो हसले. मला वाटलं जमीन दुभंगावी. पण मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "इथे फक्त हिलाच या भाषेचा आधीपासून उपयोग झालाय." मग खडू माझ्या हातात देऊन म्हणाल्या, चौकट शेवटी बंद करायची. आधी माणसं आत येऊ द्यायची, मग दार.

दोन वर्षं रविवार चुकवला नाही. मुकी भाषा बोलायला लागली. ज्या पट्टीवर आमचं मशीन पहिल्यांदा अडलं होतं, तिचा उच्चार कळला त्या दिवशी मी गाळ्यात जाऊन मशीनसमोर ती मोठ्याने म्हटली. शबाना म्हणाली, "आता ते उत्तर देईल, थांब."

मग योजना आली. चिनी सरकारची, परदेशी कामगारांसाठी: भाषा आणि हुन्नर एकत्र. सहा महिने एका तांत्रिक शाळेत राहून शिकायचं, खर्च सगळा त्यांचा. शेवटी तोंडी परीक्षा. पास झाल्यास पुढे ठेवून घेण्याची शक्यता, नापास झाल्यास परतीचं विमान. फॉर्ममध्ये एक रकाना होता: शिक्षण. तिथे माझं पेन थांबलं. वर्गातले काका म्हणाले, बारावी लिही गं, कोण बघतंय, सर्टिफिकेट काय, मिळतात. दोन दिवस मी तो फॉर्म उशीखाली घेऊन झोपले.

आईला विचारलं. आई तेव्हा कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटा लिवलंस तर ता पाठ करूचा लागतला. आणि तुजा पाठांतर माका म्हायत आसा."

मी लिहिलं, नववी. खाली कामाचा अनुभव: अकरा वर्षं. शेठने लेटरहेडवर पत्र दिलं. सही करताना म्हणाले, "मशीन चायनाथी आव्युं, ने ऑपरेटर चायना जाय छे. मारा हाथमां शुं रह्युं?" पण पत्रात त्यांनी लिहिलं होतं की मशीनशी बोलू शकणारी ही आमच्याकडची एकमेव व्यक्ती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तर अशी मी निंग्बोला पोचले. आणि पोचल्यावर काय वाटलं माहितीये? वाट लागली. स्टेशनवर, बसमध्ये, भाजीबाजारात लोक जे बोलत होते त्यातला एक शब्द मला कळेना. दोन वर्षं शिकले ते काय, असं झालं. मग कळलं की ही इथली स्थानिक बोली, मी शिकले ती सरकारी प्रमाण भाषा. शाळेच्या भिंतीवर, दवाखान्यात, जिन्यात पाट्या: 'कृपया प्रमाण भाषेत बोला.' मला आधी वाटलं त्या आमच्यासारख्या परदेशी लोकांसाठी आहेत. नाही. त्या त्यांच्याच माणसांसाठी होत्या.

हे मला वू आजींमुळे समजलं. वू आजी आमच्या कँटीनमध्ये भांडी घासतात आणि ते काम आटोपलं की वर्गांचे मजले झाडतात. पासष्टीच्या, ठेंगण्या, हाताला चिमटा काढून बोलायची सवय. त्यांना जन्मभर बोलीच येत होती. त्यांचा नातू बालवाडीत गेला, तिथे प्रमाण भाषा शिकला, घरीही तीच बोला अशी चिठ्ठी शाळेतून आली, आणि आजी-नातवाचं बोलणं अडायला लागलं. म्हणून आजी वस्तीतल्या फुकट वर्गाला जायला लागल्या. त्यांचं पुस्तक आणि माझं पुस्तक जवळपास सारखंच! दुपारी भांडी निथळत ठेवून त्या माझ्यासमोर बसायच्या आणि आम्ही दोघी एकमेकींना धडा म्हणून दाखवायचो. मी चुकले की त्या चिमटा काढायच्या. त्या चुकल्या की मी पुस्तकाकडे बोट दाखवायचे.

"तू परदेशातून येऊन शिकतेस," त्या एकदा म्हणाल्या, "मी माझ्या गल्लीत बसून परदेशी झाले."

आणि हसल्या, खरंच हसल्या, पण मला आई आठवली. लग्न होऊन ती गावाहून घाटकोपरला आली, आणि पुढे मी शाळेत जायला लागले तेव्हा माझ्या शाळेच्या बाई तिचं मालवणी ऐकून तोंडाला पदर लावायच्या. पालकसभेला आई मग गप्प बसायची. मी तिला सांगायचे, शाळेत तू बोलू नको हां. मी सांगायचे. आठ वर्षांची मी. ज्या सरकारने मला फुकट भाषा दिली, घर दिलं, ताट वाढलं, त्याचं मी भलंच चिंतीन. खाल्ल्या मिठाला जागायला आम्हाला शिकवलंय. पण वू आजींच्या बोलीतले वीसेक शब्द मी हट्टाने शिकले. त्यांच्या नातवालाही चोरून दोन शिकवले. तो आता आजीला त्याच शब्दांनी चिडवतो आणि आजी खूश असतात.

परीक्षेचा दिवस. खोलीत तीन परीक्षक. मी पाठ केलं होतं: 'माझा छंद', 'माझं शहर', 'ऋतू'. मधल्या चष्मेवाल्या सरांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं? घराबद्दल सांगा."

सगळं गेलं. डोक्यात लख्ख पांढरं. भाऊ गेला, वहिनी गेली, ऋतू गेले. वाटलं, संपलं, आता परतीचं विमान, आता असल्फ्यात काकू विचारणार, आलीस एवढ्यात? आणि मग तळातून वर आली ती माझी साठ ओळींची जुनी वही. मला तेवढंच येत होतं, तेवढंच बोलले.

"आमचं घर लहान आहे. सुरक्षा-दार दिवसभर उघडं असतं, तरी यंत्र चालू असतं. आई पहाटे पाचला तापायला सुरुवात करते. सहाला तापमान पूर्ण. दाब जास्त आहे, गोळी सुरू आहे. आवाज मोठा आहे, तो बिघाड नाही. बंद पडल्याची नोंद नाही."

चष्मेवाल्या सरांनी चष्मा काढला.

"मॉडेल कुठलं?"

"जुनं," मी म्हटलं. "सुटे भाग मिळत नाहीत."

ते टेबलावर हात आपटून हसले. बाजूच्या बाई तोंड दाबून हसल्या. मी रडायच्या बेतात. मग सरांनी माझा फॉर्म उचलला, त्या एका रकान्यावर बोट ठेवलं आणि हसू ओसरलं. "नववी?"

"नववी."

"मग हे कुठे शिकलात?"

मी पिशवीतून वही काढली. प्लास्टिकच्या भुकटीने कडा पांढऱ्या झालेली, एका बाजूला माझी वेडीवाकडी चिनी चित्रं, एका बाजूला मराठी. सरांनी पानं उलटली, बाकीच्या दोघांना दाखवली, आणि म्हणाले, ही आमच्याकडे राहू दे.

दोन दिवस वही त्यांच्याकडे. दोन दिवस मी जेवले नाही नीट. वही परत मिळणार नाही, नववी म्हणून काढून टाकतील, खोटं न लिहूनही खोटी ठरेन, काय काय मनात येत होतं. वू आजी माझ्यासमोर भाताचा वाडगा आदळून म्हणायच्या, "खा. उपाशी पोटी विमानात उलट्या होतात." त्यांचा धीर देण्याचा हा प्रकार!

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी काठावर पास होते. पण सरांचं म्हणणं दुसरंच होतं. म्हणाले, आम्ही परदेशी कामगारांना पहिल्या धड्यात हवामान शिकवतो. त्यांना पहिल्या दिवशी लागतं ते तुमच्या वहीत आहे. ही वही आपण पुस्तक करू, आणि यंत्रशाळेत हे तुम्ही शिकवाल. मी विचारलं, नववीचं काय? ते म्हणाले, "अकरा वर्षांचा रकानाही वाचलाय आम्ही."

त्याला तीन वर्षं झाली. आफ्रिकेतली माणसं शिकवली, बांगलादेशातली शिकवली. मॅडम म्हणतात मला! पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. आता पगारातून आईला गोळ्या जातात, खोलीला नवी फरशी बसली. इथे माझ्या खिडकीत आईने पाठवलेल्या आमसुलांची बरणी असते, आणि वू आजी माझ्या सोलकढीला 'गुलाबी औषध' म्हणतात आणि दोन वाडगे पितात.

आणि आज. आता सांगते. आज पहिल्यांदा मुंबईची तुकडी येतेय. तिघंजण. त्यातली एक आपली शबाना! दीड वर्ष मी तिला स्क्रीनवरून शिकवलं, ती मला शिव्या घालत शिकली. काल फोनवर म्हणाली, "ए मॅडम, मैंने सब पाठ किया है. एअरपोर्टवर पहिलं काय बोलू? वंगण अपुरं आहे, बोलू?" आज सकाळी सहारहून त्यांचं विमान उडालं. ती पोचली, टिकली, तर उद्या गाळ्यातल्या दहाजणी येतील. घाबरून परत गेली तर सगळे म्हणतील, रेश्माचं नशीब होतं, आपलं नाही. म्हणून चहा गार होतोय.

काल दिवसभर बसून वर्गातल्या मशीनवर चिठ्ठ्या चिकटवल्या, चिनी आणि मराठी. जमिनीवर कपट्यांचा खच. आज दुपारी वू आजी झाडू घेऊन आल्या.

"हा काय उकिरडा केलायस?"

"आजी, आज नको झाडू. माझी माणसं वाटेत आहेत."

त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "आज काय नवं वर्ष आहे?"

त्यांच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढत नाहीत. घरात आलेलं भाग्य बाहेर लोटलं जाईल म्हणून. मी त्यांना असल्फ्याची खोली सांगितली, कुळथाचं पीठ सांगितलं, मुंग्या सांगितल्या. अडीच दिवस हे ऐकून त्यांनी जीभ चावली. मग झाडू भिंतीला टेकवून ठेवला, खुर्ची ओढली, खिशातून कलिंगडाच्या बिया काढल्या आणि सोलायला लागल्या. सालं खाली जमिनीवर टाकायला लागल्या! म्हणाल्या, "मग नीट होऊ दे की पसारा."

एवढ्यात आईचा फोन.

"पोचली काय ती?"

"नाही गं अजून. मध्ये उतरलीय, दुसऱ्या विमानाला वेळ आहे."

"केर?"

"नाही काढला."

"बरा केलंस. मी साकीनाक्याक तिच्या घराक जावन इलंय. तिच्या आवशीक सांगलंय, झाडू मारू नको म्हणान. बरा माणूस. माका खिमा खावक घाली होता." आणि मग, आवाज जरा बारीक करून, "मी पण नाय काढूक हां."

आता पुन्हा कुणी चष्मेवाल्याने विचारलं ना, घराबद्दल सांगा, तर मी ऋतू शोधणार नाही. म्हणेन, आपण पोचेपर्यंत जिथे कुणी केर काढत नाही, ते घर. ते कुठल्या भाषेत बोलतं त्याची पाटी नसते. आज असल्फ्याला एक आहे, साकीनाक्याला एक, आणि निंग्बोच्या यंत्रशाळेत दुसऱ्या मजल्यावर एक, कपट्यांनी आणि कलिंगडाच्या बियांच्या सालांनी भरलेलं.

शबानाचं दुसरं विमान उडालं, असं फोन सांगतोय. वू आजी विचारतायत, तुझी मैत्रीण तिखट खाते का. खाते म्हटलं. बोलते पण तिखट. झाडू अजून भिंतीला टेकलेलाच आहे.